एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या फील्डवर्कला जाताना

वस्तीत जायची धाकधूक वाटतेय हे चांगलंच आहे, ती असू दे. थिअरीची मॉडेल्स सध्या बाजूला ठेव. पहिल्या सत्रात एवढं जमलं तरी पुरे:

१. ऐकणं. नवीन मुलं इथेच सर्वाधिक चुकतात. बाई नवऱ्याच्या दारूबद्दल सांगू लागली की लगेच व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता देतात. तिला कदाचित आधी रेशनकार्डाचं बोलायचं असतं. "तुम्हाला आत्ता सगळ्यात जास्त कशाची अडचण आहे?" असं विचार आणि गप्प राहा. ती थांबली तरी घाईने बोलू नकोस.

२. आश्वासन न देणं. "पेन्शन मिळवून देतो" नव्हे, "संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात कसा करायचा ते बघू."

३. त्याच रात्री रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीची लेखी नोंद, लिहिणं. भेटलेली माणसं काय म्हणाली आणि तुला काय वाटलं, हे वेगवेगळं लिही.

४. गोपनीयता. वस्तीतले फोटो स्टेटसला अजिबात नकोत. मात्र १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते गुप्त ठेवता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्याच क्षणी सुपरव्हायझरला फोन कर, एकट्याने निर्णय घेऊ नकोस.

स्वतःचे पैसे देऊ नकोस, कितीही वाईट वाटलं तरी. आणि एखाद्या घरातून बाहेर पडल्यावर रडू आलं, तर सुपरव्हायझरसोबतच्या पुढच्या कॉन्फरन्सला (चर्चेला) ते मोकळेपणाने मांड. सुपरव्हिजन त्यासाठीच असतं.