वरच्या वजनगटात जाताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये लास व्हेगासला बॉक्सिंगच्या लढतीत टेरेन्स क्रॉफर्डने कॅनेलो अल्वारेझला हरवले. वजन तपासणीत दोघेही १६७.५ पौंड भरले होते. मग क्रॉफर्ड ‘लहान’ होता असे सगळे का म्हणतात? आणि लहान होता तर जिंकला कसा? (सांगली)

उत्तर : काट्यावरचा आकडा लढतीच्या आदल्या दिवसाचा असतो. वरच्या गटात मुरलेला बॉक्सर शेवटच्या आठवड्यात अंगातले पाणी उतरवून मर्यादेत बसतो आणि तपासणीनंतर खाऊन-पिऊन काही किलो परत मिळवतो. खालून आलेला पोटभर जेवून काट्यावर उभा राहतो, म्हणून रिंगमध्येही जवळपास तेवढाच असतो. काट्यावरच्या बरोबरीला म्हणून फारसा अर्थ नाही. आयबीएफ ही संघटना लढतीच्या दिवशी सकाळी दुसऱ्यांदा वजन घेते आणि मर्यादेपेक्षा १० पौंडांहून अधिक वाढ चालू देत नाही, ती याच कारणाने.

क्रॉफर्डची आधीची लढत ऑगस्ट २०२४ मध्ये १५४ पौंडांच्या (६९.९ किलो) गटात झाली होती. मधला १६० चा गट ओलांडून तो थेट १६८ ला (७६.२ किलो) आला. पण त्यासाठी त्याच्या हाताशी वर्षाहून अधिक काळ होता आणि मुख्य म्हणजे त्याचा सांगाडा त्या वजनाला पुरेसा होता. दोघांची उंची जवळपास सारखी. हातांचा पल्ला मात्र क्रॉफर्डचा ७४ इंच, कॅनेलोचा साडेसत्तर. वजनाने खालचा माणूस हातांनी लांब होता. त्याने जॅबने (पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशाने) अंतर राखले, दोन-तीन ठोसे मारून लगेच बाजूला सरकला, समोर थांबून देवाणघेवाण टाळली. तिन्ही पंचांनी त्यालाच विजयी ठरवले : ११६-११२, ११५-११३, ११५-११३.

याच्या उलट उदाहरण केल ब्रूकचे. २०१६ मध्ये तो १४७ वरून १६० ला जाऊन लंडनमध्ये गेनाडी गोलोव्हकिनसमोर उभा राहिला. हात वेगवान होते, सुरुवातीच्या फेऱ्यांत ठोसेही लागले. पण त्या ठोशांनी गोलोव्हकिन थांबेना. वजन वाढले म्हणून ठोशाची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही आणि समोरच्याचा ठोसा सोसण्याची ताकद तर मुळीच वाढत नाही. ब्रूकच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले आणि पाचव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे त्याच्या बाजूने हार मानली. प्रशिक्षकाने योग्य तेच केले.

प्रश्न : थेट विजेत्याला आव्हान द्यावे की नव्या गटात आधी एक-दोन लढती खेळाव्यात? (बेळगाव)

उत्तर : आधी खेळाव्यात. ओलेक्सांडर उसिक २०० पौंडांच्या क्रूझरवेट गटाचा निर्विवाद विजेता असूनही हेवीवेटमध्ये (२०० पौंडांवरच्या, वरची मर्यादा नसलेल्या गटात) आधी चॅझ विदरस्पून आणि डेरेक चिसोराशी लढला. त्याचे वजन २१५ च्या आसपास सुरू होऊन अँथनी जोशुआविरुद्ध (सप्टेंबर २०२१) २२१ वर गेले. जोशुआ २४० पौंडांचा होता, तरी उसिक बारा फेऱ्या खेळून जिंकला. चिसोरासारखा जड माणूस क्लिंचमध्ये (एकमेकांना धरून ठेवतात तेव्हा) मानेवर भार टाकतो तेव्हा पाय किती लवकर थकतात, हे सरावात पुरते कळत नाही.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, ६० किलोत खेळतो, एरवी वजन ६३. त्याला ६५ किलोत खेळायचे आहे. किती दिवसांत आणि काय खाऊन वजन वाढवावे? (पुणे)

उत्तर : हौशी स्पर्धेत ज्या दिवशी लढत त्या दिवशी सकाळी वजन होते. आदल्या रात्री उतरवून दुसऱ्या दिवशी भरून काढायला वेळच नसतो. त्यामुळे एरवीचे वजन ६६ ते ६६.५ पुरे, ६८ चे ध्येय ठेवू नका. म्हणजे साडेतीन किलोपर्यंत वाढ. आठवड्याला पाव किलो या गतीने १२ ते १४ आठवडे धरा. दोन महिन्यांत ओढून आणलेले वजन बहुतेक चरबी आणि पाणी असते, आणि तिसऱ्या फेरीत पाय जड पडतात ते त्यामुळेच.

रोजच्या जेवणापेक्षा ३०० ते ४०० उष्मांक जास्त, याहून नको. प्रथिने दर किलो वजनामागे १.६ ते २ ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण १०५ ते १३० ग्रॅम. चार अंड्यांतून २५ ग्रॅमच्या आसपास मिळतात, अर्धा लिटर दुधातून १६, १०० ग्रॅम पनीरमधून १८. उरलेली डाळ, उसळ, चिकन-मासे यांतून. सरावाआधी दोन तास भात किंवा पोळी हवीच. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पूरक पावडर) सुरू केल्यास पहिल्या आठवड्यांत किलोभर पाणीच अंगात साठते, ते स्नायू समजू नका.

दर रविवारी सकाळी उपाशीपोटी वजन आणि बेंबीजवळ कंबर मोजा. वजनाबरोबर कंबरही भराभर वाढत असेल तर वरचे उष्मांक निम्मे करा. ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा : स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुलअप्स, जड वजन आणि कमी आवर्तने, शिवाय मानेचा व्यायाम. स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) १६ औंसाच्या ग्लोव्ह्जनी, ६५ ते ७० किलोच्या मुलांशी. पण आठवड्यातली एक बैठक ५५-६० किलोच्या चपळ मुलाशी ठेवा, नाहीतर वेग कधी गेला ते कळणार नाही.

प्रश्न : गट बदलला की ग्लोव्ह्ज बदलतात का? (नाशिक)

उत्तर : व्यावसायिक लढतीत साधारणपणे १४७ पौंडांपर्यंत ८ औंस, त्यावर १० औंस. मोठ्या ग्लोव्हने बचाव जास्त झाकला जातो, म्हणून खालच्या गटात फटीतून जाणारा ठोसा इथे अडतो. सराव आधीपासूनच नव्या मापाने करा.

प्रश्न : वर जाऊन हरले किंवा जिंकले, तरी परत खाली यावे का? (पणजी)

उत्तर : घाईने तर अजिबात नाही. रॉय जोन्सने मार्च २००३ मध्ये १९३ पौंडांवर, २२६ पौंडांच्या जॉन रुइझकडून हेवीवेटचा किताब घेतला. त्याच नोव्हेंबरमध्ये तो १७५ ला उतरून अँटोनियो टार्व्हरशी लढला. कसाबसा जिंकला, आणि मे २००४ मध्ये त्याच टार्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीत आडवे केले. ब्रूकही १४७ ला परतला आणि मे २०१७ मध्ये एरोल स्पेन्सविरुद्ध त्याच्या दुसऱ्या डोळ्याची खोबण मोडली. वय आणि प्रतिस्पर्ध्याचा दर्जा यांचाही त्यात वाटा आहे. पण कष्टाने चढवलेला स्नायू उतरवताना पायातला जोर जातो, आणि पाण्याविना सुकलेले शरीर ठोसे वाईट सोसते. उतरायचेच असेल तर चढायला लागला तेवढाच वेळ उतरायला द्या, आणि शेवटचे दोन-तीन किलो सोडून बाकी सगळे आहारातूनच कमी करा.