कोण कुणाला हलवतंय, हे मोजण्याआधी

नागपूरचं तापमान आणि विजेची मागणी, दोन्हींचे आलेख मे महिन्यात चढतात म्हणून लगेच ट्रान्सफर एन्ट्रॉपी (एका मालिकेचा भूतकाळ दुसरीच्या पुढच्या क्षणाबद्दल किती जादा माहिती देतो, त्याचं माप) काढायला धावू नकोस. आधी ऋतुचक्र आणि दिवस-रात्रीचं चक्र वजा कर. उरेल त्यात बघ, कोण कुणाला हलवतंय.

सुरुवात ग्रेंजरच्या १९६९च्या कसोटीने कर: एका मालिकेचा भूतकाळ धरल्यावर दुसरीचा अंदाज सुधारतो का, ते ती बघते. चलं गाउसीय (घंटेच्या आकाराचं वितरण असलेली) असतील तर तिचं माप आणि श्रायबरची २०००मधली ट्रान्सफर एन्ट्रॉपी, २चा गुणक सोडला तर, एकच असतात. हे २००९मध्ये सिद्ध झालंय. मग ट्रान्सफर एन्ट्रॉपीसाठी उगाच हिस्टोग्रामवरून संभाव्यता मोजायच्या भानगडीत कशाला पडायचं?

खरी गंमत नॉइजमध्ये, म्हणजे यादृच्छिक चढउतारांत आहे. दोन चलं पूर्ण एका तालात चालू लागली, की एकाच्या भूतकाळातून दुसऱ्याबद्दल नवं काहीच कळत नाही. जोडणी घट्ट, आणि ट्रान्सफर एन्ट्रॉपी शून्य! यादृच्छिक धक्क्यांनी तो ताल मोडतो, तेव्हाच दिशा दिसते. म्हणून डेटा गुळगुळीत करायची हौस आवर. दोन्ही बाजूंचे क्षण धरणारी सरकती सरासरी पुढच्या क्षणांची माहिती मागे मिसळते, अन् दिशेचा बाण उलटाही दिसू शकतो.

मोजक्या नोंदींवर, संबंध नसला तरी, ट्रान्सफर एन्ट्रॉपीचा आकडा सहसा शून्याच्या वर येतो. कारण मानलेली मालिका वेळेत सरकवून शंभरेक सरोगेट (मूळ संबंध तुटलेल्या नकली मालिका) बनव, त्यांच्या आकड्यांशी ताडून बघ. आणि हे सगळं आधी स्वतः लिहिलेल्या दोन चलांच्या मॉडेलवर करून बघ, जिथे उलट दिशेचा गुणांक तूच शून्य ठेवलायस.