बक्षीसपत्र करून दिलं म्हणजे आईचा हक्क संपला का?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे: "आई 71 वर्षांची आहे. जन्मभर विड्या वळल्या. राहतं घर तिच्याच नावावर होतं, ते 2019 मध्ये तिने भावाला बक्षीसपत्राने दिलं. आता त्याने तिला वरच्या पत्र्याच्या खोलीत टाकलंय. संडास खाली, जिन्याला कठडा नाही. पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड त्याच्याकडे. बीपीची गोळी पुरावी म्हणून ती अर्धी करून घेते. भाऊ म्हणतो, घर माझं आहे, पटत नसेल तर तिला घेऊन जा. आई म्हणते, पोराची बदनामी नको. काय करावं?"

ताई, तुमच्या पत्रातली ती अर्धी गोळी डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून घराचं नंतर बोलू. आधी आईला डॉक्टरांना दाखवा आणि गोळी पूर्ण सुरू करा. मग तिला घेऊन बँकेत जा. खातं तिचं, पैसे तिचे. जुनं कार्ड बंद करा, नवं पासबुक घ्या, खात्याला भावाचा मोबाइल नंबर जोडलेला असेल तर बदला. यासाठी कुणाचीही परवानगी लागत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची बिलं जपून ठेवा. जिन्याचे आणि खोलीचे फोटो काढा. मे महिन्यात सोलापुरात भरदुपारी पत्र्याखाली काय होतं, हे इथल्या अधिकाऱ्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

आता कायदा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, 2007 नुसार आईला प्रांत कार्यालयात, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात, अर्ज करता येतो. तिला जिने उतरणं-चढणं जमत नसेल तर तिने अधिकार दिल्यावर तुम्हीही करू शकता. दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मंजूर होऊ शकतो. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो, अपवाद म्हणून आणखी 30 दिवस. तोवर अंतरिम भत्ता मागा. हे अर्जातच लिहा, बरेच जण विसरतात. मंजूर रक्कम भावाने दिली नाही तर वॉरंट निघतं, एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते. एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो: हा कायदा मुलींनाही लागू आहे. तुमचाही वाटा विचारला जाईल, तयारी ठेवा.

घराचा प्रश्न कलम 23 चा, आणि तो एका वाक्यावर अडतो. लिहून घेणाऱ्याने लिहून देणाऱ्याचा सांभाळ करावा, ही अट होती का? ती असेल आणि भावाने पाळली नसेल, तर आईच्या मागणीवरून न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्दबातल ठरवू शकतं. आपल्याकडच्या दस्तांत बहुतेक वेळा नुसतं "प्रेम व आपुलकीपोटी" एवढंच असतं, आणि तिथेच प्रकरण अवघड होतं. अट सिद्ध व्हायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये ऊर्मिला दीक्षित प्रकरणात मात्र बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र न्यायालयाने त्यासोबत वाचलं, दस्त रद्द केला आणि घराचा ताबा आईला परत देण्याचा आदेश दिला. कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा, असंही म्हटलं. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. नुसत्या इंडेक्स टूवर, म्हणजे दस्ताच्या नोंदणीच्या सारांशावर, भागणार नाही, त्यात अटी सापडत नाहीत. त्या दिवशी वेगळ्या कागदावर काही लिहिलं होतं का, साक्षीदार कोण होते, हे आईला विचारा. अट कुठेच नसेल तर फसवणूक किंवा दबावाच्या मुद्द्यावर दिवाणी दावा उरतो. त्याला तीन वर्षांची मुदत असते आणि ती कधीपासून मोजायची यावरच भांडण होतं. म्हणून आता वेळ घालवू नका. भावजयीने त्या घरात राहण्याचा स्वतःचा हक्क मांडला तर तोही ऐकावा लागतो.

प्रांताकडे वकिलाशिवाय जाता येतं. या कायद्याचं कलम 17 वकील देण्यालाच मनाई करतं, अर्थात काही उच्च न्यायालयांनी त्यावर वेगळं मत दिलं आहे. दिवाणी दाव्यासाठी मात्र जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. भावाने हात उगारला तर 112 लावा. अशा वेळी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आईला संरक्षण मागता येतं. नुसती चौकशी करायची असेल तर ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे.

राहिलं बदनामीचं. आईची ही भीती खोटी म्हणू नका. अर्ज केला म्हणजे मुलाला तुरुंगात घातलं असं होत नाही. न्यायाधिकरण आधी समेट अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवू शकतं, तिथे खालची खोली, औषधं आणि पासबुक एवढ्यावरही मिटू शकतं. पण तिला काय हवंय हे तिला एकटीला विचारा, भाऊ घरात नसताना: खालच्या खोलीत राहायचंय, तुमच्याकडे यायचंय, की घर परत नावावर हवंय? तिचं उत्तर आणि दस्ताची नक्कल घेऊन या, अर्ज त्यावरून लिहू.