पहिली आरसी (रिमोटवर चालणारी) कॅटमरान: पाण्यात सोडण्याआधी

कॅटमरान म्हणजे दोन हलची (सांगाड्यांची) बोट. ती व्ही-हलपेक्षा, म्हणजे व्ही आकाराच्या एकाच तळाच्या बोटीपेक्षा, वेगात पळते, कारण मधल्या बोगद्यात शिरलेली हवा तिला उचलते. तीच हवा जास्त झाली की नाक वर होऊन बोट उलटी पडते. म्हणून मोटर बदलायच्या आधी तोल बघ. गुरुत्वमध्य मागच्या कडेपासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर ठेव. नाक उचलतंय असं वाटलं तर बॅटरी सेंटीमीटरभर पुढे सरकव. स्ट्रट (प्रोपेलरचा शाफ्ट धरणारा मागचा आधार) तळाला समांतर हवा.

फ्लेक्स शाफ्ट (मोटरपासून प्रोपेलरपर्यंत जाणारा लवचिक दांडा) बसवताना ड्राइव्ह डॉग (शाफ्टवरचा, प्रोपेलरला पकडून फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रट यांत ३ मिमी फट सोड. जोर आला की शाफ्ट आखडतो. फट नसेल तर डॉग स्ट्रटवर घासून जाम होतो. दर फेरीनंतर शाफ्ट बाहेर काढून पुसायचा, ग्रीस लावायचं. आळस केलास तर गंजून तुटेल. आणि दोन्ही हलमध्ये फोम भर, बुडालेली बोट सापडत नाही.