‘जय भीम’ आणि हातातलं पुस्तक

प्रिय बाळा,

नागपूरचे आजोबा फोन उचलला की ‘जय भीम’च का म्हणतात आणि बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या हातात तलवार नाही, पुस्तक का, असं तू विचारलंस.

पुस्तक आहे भारताचं संविधान. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते. पण मला तुला आधी महाडला न्यायचंय.

तिथलं चवदार तळं सार्वजनिक. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली असे पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, पुढे महाड नगरपालिकेनेही केला. तरी आपल्या माणसांना तिथे पाऊल टाकता येत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यात उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मागोमाग बाकीचे. त्या दिवशी आपल्या लोकांना मारहाण झाली, नंतर तळ्यात शेण-गोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ केलं गेलं. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. बाबासाहेबांनी सांगितलं, हे पाणी प्यायलो नाही म्हणून आपण काही मेलो नाही. आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे दाखवायला तिथे जायचंय.

हे तत्त्वज्ञान आहे, बाळा, आणि राजकारणही. ते वेगळं काढताच येत नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञ त्यांचे शिक्षक होते. लोकशाही म्हणजे नुसती राज्यपद्धती नव्हे, ती एकत्र जगण्याची रीत, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांनी १९३६ सालच्या एका भाषणात जातिव्यवस्थेला लावून पाहिला. ते भाषण लाहोरला व्हायचं होतं. आयोजकांना मसुदा झेपला नाही, सभाच रद्द झाली. बाबासाहेबांनी भाषण स्वतः छापलं!

स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली, असं त्यांनी १९५४ मध्ये रेडिओवर सांगितलं. म्हणून आपल्या घरी दोघांच्या तसबिरी शेजारी शेजारी आहेत.

२५ नोव्हेंबर १९४९ चं त्यांचं संविधान सभेतलं भाषण मोठी झालीस की पूर्ण वाच. राजकारणात एक माणूस, एक मत असेल, पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमताच राहील, हा धोका त्यांनी तेव्हाच सांगितला. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हेही त्याच भाषणात आहे. आज कुठल्याही पक्षाच्या सभेत हे मोठ्याने वाचायला हवं असं मला फार वाटतं.

तेव्हा आजोबांना जय भीम घाल, आणि त्यांचं एखादं म्हणणं पटलं नाही तर का पटलं नाही तेही सांग. ते तासभर वाद घालतील, रागावणार मात्र नाहीत.

तुझी,
आई