सीनियर पट्रोल लीडर झालेल्या मुलाने नेमकं काय करायचं?

एडिसन, न्यू जर्सीहून एका आईंनी लिहिलंय: ‘मुलगा दहावीत आहे, लाइफ स्काउट (ईगल या सर्वोच्च दर्जाच्या एक पायरी खाली) आहे. ट्रूपने, म्हणजे त्याच्या स्काउट तुकडीने, त्याला सहा महिन्यांसाठी सीनियर पट्रोल लीडर (तुकडीतल्या मुलांचा प्रमुख) म्हणून निवडून दिलंय. तेव्हापासून रोज रात्री तासभर फोनवर असतो, अभ्यास मागे पडतोय. कॉलेज प्रवेशाला याचा काही उपयोग आहे का, की सोडून दे म्हणून सांगू?’

नमस्कार ताई,

सोडायला सांगू नका. पण रोजचा तासभर फोन थांबायलाच हवा, कारण सगळी कामं तो स्वतःच्या अंगावर घेतोय असं त्यावरून दिसतं. नव्याने निवडून आलेल्या बहुतेक मुलांचं इथेच चुकतं.

सीनियर पट्रोल लीडर झालेला मुलगा कुठल्याच पट्रोलमध्ये, म्हणजे ट्रूपमधल्या छोट्या गटात, नसतो. सहा-आठ मुलांच्या प्रत्येक पट्रोलला त्यांनीच निवडलेला लीडर असतो आणि या लीडरांचं कौन्सिल तुमचा मुलगा चालवतो. स्वतःचा असिस्टंट तो स्काउटमास्टरच्या (ट्रूप सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाच्या) सल्ल्याने नेमतो. सामानाला क्वार्टरमास्टर, हजेरी आणि नोंदींना स्क्राइब असतो. त्याने सगळ्या मुलांना फोन करायचे नसतात, फक्त या चार-सहा जणांशी बोलायचं असतं. त्यासाठी आठवड्यातून वीस मिनिटांचे दोन कॉल पुरतात.

महिन्याच्या कौन्सिलमध्ये पुढच्या सगळ्या सभा कागदावर उतरल्या पाहिजेत. दीड तासाच्या सभेत ध्वज आणि प्रतिज्ञा, कौशल्याचा भाग, पट्रोलच्या बैठका, खेळ आणि समारोप येतो. प्रत्येक भागासमोर मिनिटं लिहायची आणि एकाच मुलाचं नाव. ‘दुसरं पट्रोल बघेल’ असं लिहिलं, तर ऐन वेळी तिथे कोणीच उभं नसतं. गाठी शिकवायच्या असतील तर चार मुलांमागे एक शिकवणारा आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःचा दोर हवा. एकाने पुढे उभं राहून वीस जणांना दाखवलं, की मागच्या मुलांना काही दिसत नाही आणि पाच मिनिटांत गोंधळ सुरू होतो. सभा संपल्यावर लीडरांनी दहा मिनिटं थांबून तीनच गोष्टी बोलायच्या: काय नव्याने करू, काय बंद करू, काय चालू ठेवू.

कॅम्पला शुक्रवारी निघायचं असेल तर मेन्यू, माणसं, शाकाहारी कोण, अ‍ॅलर्जी कोणाला, किराणा कोण आणणार, हे सगळं त्याआधीच्या सभेतच पक्कं व्हावं. क्वार्टरमास्टरने मोठ्यांच्या देखरेखीखाली, उघड्यावर स्टोव्ह एकदा पेटवून बघावा. प्रोपेन सोबत आहे आणि रेग्युलेटर घरी राहिला, तर रात्रीचा भात शिजत नाही. परतल्यावर ओला तंबू कोणाच्या घरी वाळायला गेला, त्याचं नाव लिहून ठेवायचं. पिशवीत तसाच राहिला तर त्याला बुरशी येते आणि पुढच्या कॅम्पला तो निकामी ठरतो. हे सगळं तुमच्या मुलाने ‘झालं का?’ असं विचारायचं, स्वतः करत बसायचं नाही.

गाड्या, पैसे, औषधं आणि सुरक्षितता ही मोठ्यांची जबाबदारी आहे. मुलाने स्काउटमास्टरला मेसेज करताना त्यात दुसरं मोठं माणूसही असावं लागतं, हा नियम पाळा. बाकी ठिकाणी मात्र तुम्ही इतर पालकांना फोन करून त्याची कामं मार्गी लावू नका. एखाद्या सभेत खेळाचं साहित्य आलं नाही, तर नाही आलं. पुढच्या वेळी तो आधी विचारेल.

आता कॉलेजचं. लाइफ झाल्यानंतर ईगलसाठी सहा महिने जबाबदारीचं पद सांभाळावं लागतं आणि या पदाने ती अट पूर्ण होते. असिस्टंट पट्रोल लीडरचं (एका पट्रोलच्या लीडरच्या मदतनिसाचं) पद त्यात धरत नाहीत, हे पुष्कळ घरांत फार उशिरा कळतं. कॉमन अ‍ॅपच्या (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच) अर्जात दहा उपक्रम मांडता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम 150 अक्षरं मिळतात. ती ‘नेतृत्वगुण शिकलो’मध्ये घालवू नयेत. किती मुलांचा ट्रूप, किती सभा आणि कॅम्प, आधी काय बिघडलेलं होतं आणि याने कुठली पद्धत बसवली, एवढंच लिहावं. अर्जात आठवड्याचे तासही विचारतात. म्हणून आतापासूनच एका वहीत दर सभेनंतर दोन ओळी लिहायला सांगा. वर्ष-दोन वर्षांनी हे आकडे आठवत नाहीत.

तरीही मार्क घसरले, तर त्याने स्वतः स्काउटमास्टरशी बोलून आणखी कामं असिस्टंटकडे द्यावीत, मुदत पूर्ण करावी आणि पुढच्या निवडणुकीला उभं राहू नये. ईगलची ही अट तोवर झालेली असेल आणि अकरावीत एसएटीच्या (कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या) तयारीला वेळ मोकळा मिळेल.