घराण्यावर कादंबरी लिहायची आहे, पण प्रत्येकजण वेगळंच सांगतो. खरं कोणाचं धरायचं?

तुमची अडचण अशी की पणजोबांपासूनची गोष्ट लिहायची आहे, घरात कागद नाहीत आणि म्हाताऱ्या माणसांचा एकमेकांशी मेळ नाही. मी म्हणेन, कोणाचंच खरं धरू नका. कागद मात्र काढा.

आमच्या अमरावतीकडे जात पडताळणीपायी घरोघरी कोतवाल बुकाच्या नकला असतात. गावातल्या जन्ममृत्यूंची ही जुनी वही. नक्कल तहसीलीत मिळते. त्यात बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाळाचं नाव बरेचदा नसतंच, आईचं तर विसराच. आमच्या पणजीचा पहिला नवरा त्यात सापडला: १९१८, कारण 'ताप'. म्हणजे मानमोडी, त्या साली घरंच्या घरं बसवणारी इन्फ्लुएंझाची साथ. अख्ख्या माणसाची एक ओळ.

पुढे तिचा पाट धाकट्या दिराशी लागला. मोठी आत्या सांगते, ती राजीखुशीने तयार झाली. काका सांगतात, माहेरी पळाली होती, बैलगाडी पाठवून आणली. दोघंही अजून हटत नाहीत. पण एक गोष्ट दोघंही सांगतात. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती गेलेल्या पहिल्या नवऱ्याच्या नावाने घागर भरायची आणि कुंभाराकडून ती घागर दुसरा नवराच आणून द्यायचा. त्याचाही सख्खा भाऊच ना तो! आत्याच्या शब्दांत, "बोलन काय बापा, दोघंही गुमान बसेत."

मी लिहीत असतो तर राजीखुशी आणि बैलगाडी दोन्ही ठेवलं असतं, एक प्रकरण आत्याच्या तोंडून, एक काकांच्या. आणि घागरीपाशी कोणाच्या मनात काय चाललं होतं ते लिहिलं नसतं. घराण्याच्या कादंबऱ्या तिथेच भिजट होतात. लेखकाला पणजीचं दुःख तिच्यापेक्षा जास्त कळायला लागतं.

बोलीसाठी उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) वाचा. त्यातल्या नायिकेच्या, कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी कुठे गंमत म्हणून आलेली नाही. आपल्याकडे वऱ्हाडी म्हटलं की लोक आधी हसायलाच बसतात, म्हणून सांगतो.

आत्यांना 'तेव्हाचं सांगा' म्हणू नका, पाठ झालेलंच ऐकायला मिळेल. वावर कधी विकलं, विहिरीला पैसा कोणी दिला, कोणत्या सुनेचे दागिने मोडले, हे विचारा. वावराच्या भांडणातून माणसं भडाभडा बोलतात. मग तलाठ्याकडचे जुने फेरफार, म्हणजे जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, समोर ठेवा. बहिणींनी हक्क सोडल्याची नोंद दिसली की त्या साली राखीला कोण आलं आणि कोण नाही, तेही विचारून घ्या.

नातेवाईक रागावतील. गावाचं नाव बदला, तेवढ्याने निम्मे शांत होतात.